अड्ड्यावर बसलेली बालमणी

उपाशी माणसाला पहिल्याच जेवणाला पोटभर वाढायचं नसतं. हे मला खैरूबीनं शिकवलं. आधी पातळ पेज, तीसुद्धा फुंकून फुंकून. मग थोड्या वेळानं मऊ भात. भाकरी, भाजी, लोणचं दुसऱ्या दिवशी. दया आली म्हणून एकदम ताट भरून दिलं तर माणूस आधी घाईनं खातो आणि मग पोट धरून लोळतो. "पेट भूल गया रहता, शकुंतला," खैरूबी म्हणायची, "उसकू आहिस्ता याद दिलाना."

आमच्या मराठी मंडळाच्या बाईंनी मला विचारलं होतं की दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीचं काही लिहा. मी मान हलवून नाही म्हटलं. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी मी मागं सरते, छापून कुठं यायचं? शिक्षण चौथीपर्यंत. सून म्हणते, "आत्याबाई, तुम्ही भांड्यांशी बोलता तेवढं माणसांशी बोला की." पण त्या बाई गेल्या आणि मला बालमणीची आठवण काढल्याशिवाय राहवेना. म्हणून हे माझ्यापुरतं लिहिते आहे.

माझी नोकरी स्वयंपाकाची. शहराच्या कडेला, तारनाक्याला बस बदलून जावं लागायचं तिथं, एक निवाऱ्याचं घर होतं. पाटीवर लांबलचक नाव होतं, पण रिक्षावाले त्याला भिकाऱ्यांचं घर म्हणायचे. रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं तिथं ठेवत. नवरा गेल्यावर मला कुणीतरी तिथं लावून दिलं. मी आणि खैरूबी, दोघी मिळून सगळ्यांचं रांधायचो.

एवढ्या माणसांचा स्वयंपाक घरच्यासारखा नसतो. चव घेत बसायला वेळ नसतो. डाळीत मीठ पडलं की नाही ते वाफेच्या वासावरून ओळखायचं. भात खाली लागतोय हे डेगेच्या, म्हणजे मोठ्या भांड्याच्या, आवाजावरून कळतं, आधी तो गुरगुरतो, मग गप्प होतो. गप्प झाला की धाव. हे मला उत्तम यायचं, आणि त्याचा मला थोडा तोराही होता.

माणसं एकेक भारी होती. एक म्हातारे शिंपी होते. ते जेवायला बसण्याआधी शेजारच्याच्या सदऱ्याची शिवण बघून नाक मुरडायचे. एक मलकपेठेकडचे बाबा होते, ते रोज वाटीत बघून विचारायचे, "ये दाल है कि हुसेनसागर तालाब? चमचा नक्को अम्मा, नाव देओ." खैरूबी म्हणायची, "नाव में बैठ के भाग नक्को जाओ, बस." सगळी रांग हसायची.

मला ते पुण्याचं काम वाटायचं. रस्त्यावर मागून खाणाऱ्याला छप्पर मिळतं, ऊन ऊन जेवण मिळतं, यात वाईट काय? दारं बाहेरून बंद असतात हे मला दिसत होतं. पण मनात यायचं, मोकळं सोडलं तर ही माणसं पुन्हा रस्त्यावरच जातील. जास्त विचार केला नाही.

मग शहरात परदेशातून कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून गडबड सुरू झाली. रस्त्यांच्या दुभाजकावर झाडं लागली, भिंतींवर मोर काढले. आणि आमच्याकडे भिकारी धरून आणणाऱ्या गाड्या यायला लागल्या. सकाळी एक, दुपारी एक. गाडीतून माणसं उतरायची, अंगणात रांग लागायची. अंघोळ, मग केस कापायचे, मग घरचा झगा अंगात चढवायचा. उवा होतात म्हणून केस कापायचा तिथला नियम होता, बायांचेसुद्धा. आमच्या डेगा पुरेनात. खैरूबी पेजेत डाव फिरवत म्हणाली, "इत्ते फकीर थे क्या शहर में? मेरेकु तो कभी दिखे नै."

त्या रांगेत बालमणी होती.

मी तिला पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचे केस कापून झाले होते. चाळिशी उलटलेली, काळी, खांदे रुंद. पेजेची वाटी तिनं घेतली नाही. तेलुगूत म्हणाली (तिचं बोलणं मी इथं मराठीतच लिहिते), "मी माझं जेवण बरोबर आणलं आहे. माझा डबा कुठं आहे?"

मी वाटी पुढच्याला दिली. डबे, बोचकी, साड्या सगळं कोठीत जायचं. सुटताना परत मिळायचं.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. काम द्या म्हणाली, बसवत नाही. खैरूबीनं तिला पाण्याचं बगुनं उचलायला सांगितलं. तिनं पायपुसण्याचं फडकं झटकलं, वळून त्याची चुंबळ केली आणि भरलेलं बगुनं एका झटक्यात डोक्यावर घेतलं. पण चुंबळ कापलेल्या केसांवर ठरेना, घसरली. पाणी सांडलं. ती तिथंच उभी राहून डोक्याला हात लावत होती. तेव्हाच बहुतेक तिला पहिल्यांदा कळलं, केस गेले ते.

मग तिनं सांगितलं. ती अड्ड्यावरची मजूर होती. अड्डा म्हणजे मजुरांचा चौक. सकाळी बाया-बाप्ये तिथं उभे राहतात. बांधकामाचा मेस्त्री येतो, एकेकाच्या दंडाकडे बघतो आणि बोट करतो, तू ये, तू ये. तरुण आधी जातात. ऊन चढेपर्यंत ज्यांना कुणी बोट केलं नाही ते कडेला टेकतात. घरी जात नाहीत, कारण कधीकधी उशिरा एखादा येतो आणि उरलेल्यांना नेतो. त्या दिवशी बालमणी उरली होती. भूक लागली म्हणून तिनं डबा उघडला, झाकण पुढ्यात ठेवलं. तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या कुणा भल्या माणसानं त्या झाकणात नाणं टाकलं.

"मी नाणं उचललं आणि त्याला हाक मारत उठले," बालमणी म्हणाली. "ओ अन्ना, हे तुमचं घ्या. तो थांबला नाही. मागं वळले तर गाडी उभी. हातात नाणं, पुढ्यात झाकण. त्यांनी मला काही विचारलंच नाही, अक्का."

खैरूबीच्या हातातला डाव थांबला. "या अल्ला," एवढंच म्हणाली.

आणि मी? खरं सांगायचं तर मला पुरता विश्वास बसला नाही. तिथं येणारा प्रत्येकजण काहीतरी सांगायचा. ती म्हणाली, घरी फक्त सासू आहे, डोळ्यांनी दिसत नाही, खोलीला बाहेरून कडी घातलेली आहे. मी निवाऱ्याच्या साहेबांना सांगितलं, ते म्हणाले चौकशी करू. खोलीचा पत्ता तिनं सांगितला तो आमच्या अंबरपेठेच्या बाजारामागच्या बस्तीतला निघाला. माझ्या वाटेवरचाच. दुपारी सुटल्यावर मी तिकडे वळले, ते तरी खोटं आहे का बघावं म्हणून.

खोली होती. कडी शेजारणीनं काढली होती, आणि म्हातारीला भातही दिला होता. पण सगळ्या गल्लीत एकच चर्चा चालली होती.

"मेस्त्रीबरोबर गेली असेल," शेजारीण मला म्हणाली. म्हातारी आत बाजेवर बसली आहे, ऐकते आहे, याचं तिला काही नव्हतं. "आंधळ्या सासूला किती दिवस धुवायचं? कंटाळली, गेली."

"माझी सून तशी नाही," आतून आवाज आला.

मी आत जाऊन म्हातारीच्या कानाशी बसले. माझी तेलुगू स्वयंपाकघरातली, मोडकी. तुटक तुटक सांगितलं. गाडीनं नेलं. भिकारीण म्हणून. बरी आहे. सुटेल.

म्हातारी ऐकत राहिली. मग एकच विचारलं. "मारलं?"

"नाही."

"मग काय केलं?"

"केस कापले."

तिनं बाजेची कडा चाचपली. मग एकदम दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐकलंत का ग! निरोप आला. माझी सून तिरुपतीला गेली आहे. नवसाचं मुंडण करून येईल."

शेजारीण दारात आली. "मग सांगून का नाही गेली?"

"नवस काय गावाला सांगून फेडतात?"

"बरं," शेजारीण म्हणाली, "मग लाडू आण म्हणावं प्रसादाचा."

मी बाहेर आले. दिसत नसलेल्या बाईनं एका क्षणात सुनेची अब्रू झाकली होती. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. सगळं खरं होतं. सासू खरी, खोली खरी, कडी खरी. मग अड्डा खरा, डबा खरा. आणि मी ज्यांना इतकी वर्षं वाढत आले त्यांच्यातले किती जण खरं सांगत होते? शिंपी मला म्हणाले होते, मी मशिदीच्या पायरीवर सावलीला बसलो होतो. मी हसून त्यांना आणखी भात वाढला होता. घरी पोचेपर्यंत मला हे एकच सुचत होतं.

दुसऱ्या दिवशी तिरुपतीचं सांगितलं तेव्हा बालमणी पहिल्यांदा हसली. डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या अत्तम्माला चुली फुंकायच्या ऐवजी मंत्री करायला पाहिजे होतं." अत्तम्मा म्हणजे सासूबाई. मी रोज दुपारी एक डबा म्हातारीकडे न्यायला लागले. म्हातारी माझ्या हातचा भात खाऊन म्हणायची, "मऊ आहे. मला दात नाहीत हे तुला कुणी सांगितलं?"

पाहुणे आले, गेले. मग वरून हुकूम आला की आता माणसं सोडायची. साहेबांनी सगळ्यांना अंगणात बसवलं. साहेब वाईट नव्हते, हे लिहिलं पाहिजे. आमच्या स्वयंपाकघरात पंखा त्यांनीच भांडून बसवून घेतला होता. त्यांना सांगितलेलं होतं ते असं: एकेकानं मोबाइलपुढं उभं राहून म्हणायचं, "मी यापुढे भीक मागणार नाही." म्हटलं की बोचकं घ्यायचं आणि जायचं. वर दाखवायला ते लागणार होतं.

सगळे म्हणाले. शिंपी चष्मा पुसून म्हणाले. हुसेनसागरवाले बाबा म्हणाले, "यापुढे भीक मागणार नाही, और ये दाल भी." साहेबांनासुद्धा हसू आलं, पुन्हा म्हणायला लावलं.

बालमणीची पाळी आली. ती मोबाइलपुढं उभी राहिली आणि गप्प.

"म्हण अम्मा," साहेब म्हणाले.

"सार, मी भीक मागितलेली नाही."

"ते झालं आता. म्हण आणि जा."

"मागितलीच नाही तर 'यापुढे' कसं म्हणू? यापुढे म्हटलं की याआधी मागत होते असं होतं."

साहेबांनी अंगणाकडे हात केला. "सगळे म्हणाले की."

"त्यांचं त्यांना माहीत. मी आठवीपासून विटा वाहते आहे. आठवी म्हणजे शाळेतली नव्हे, वयाची."

"बरं, बोलू नको. नुसते ओठ हलव."

तिनं ओठ घट्ट मिटले.

मी दारात उभी होते. अंगण रिकामं होत होतं. जे म्हणाले ते बोचकी घेऊन फाटकाबाहेर चालले होते, आणि जिनं काहीच केलं नव्हतं ती एकटी झग्यात उभी होती. दोन शब्दांचा प्रश्न होता. पलीकडे म्हातारी बाजेवर वाट बघत होती. हिनं म्हणून टाकावं असं मला वाटत होतं, आणि हिनं म्हणू नये असंही वाटत होतं.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा एक वकीलबाई यायच्या. जुन्या शहरातल्या मराठी घरातल्या, आजोबा-पणजोबांपासून वकिली. माझ्याशी त्या मराठी बोलायच्या, मी "हो बाई, नाही बाई" करून चहा देऊन पळायची. त्या दिवशी चहा दिला आणि पळाले नाही. सगळं सांगितलं. माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"ती बरोबर आहे, शकुंतलाबाई," त्या म्हणाल्या. "कामाची वाट बघत रस्त्याकडेला बसणं हा गुन्हा नाही. गरीब दिसणं हा गुन्हा नाही. तिचा हक्क आहे तो."

मला हक्क हा शब्द माहीत होता तो शेतातला. माझ्या भावानं माझ्याकडून हक्कसोड करून घेतली होती तेव्हाचा. हक्क म्हणजे जमिनीचा, घराच्या वाटणीचा. ज्याच्याकडे काही आहे त्याला असतो तो. मी विचारलं, "बाई, जिच्याकडे काहीच नाही तिला कसला हक्क?"

"तिलाच तर सगळ्यात जास्त लागतो," वकीलबाई म्हणाल्या. "आपण म्हणतो बिचारी गरीब, द्या तिला वाटीभर पेज. पेज द्यायलाच हवी. पण तिला बसू दिलं नाही, तिचं ऐकलं नाही, केस कापले, कोंडलं. एवढं सगळं काढून घेतल्यावर आपण तिला गरीब म्हणतो. उलटं आहे, नाही का?"

मी हातातला रिकामा कप धरून उभी राहिले. इतकी वर्षं मी वाटीतल्या पेजेकडेच बघत होते.

वकीलबाई कोर्टात जायला तयार होत्या. बालमणीला त्यांनी स्वतः तेलुगूत समजावलं. लढू, जिंकू. पण वेळ लागेल, आणि तोवर इथंच राहावं लागेल. बालमणीनं विचारलं, "तोवर अत्तम्माला अंघोळ कोण घालणार?" वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, मी घालीन. पण माझंही घर होतं, सुनेचं बाळंतपण होतं.

त्या दुपारी मी म्हातारीला सगळं सांगितलं. शपथेचं, कोर्टाचं, बालमणीच्या मिटलेल्या ओठांचं. म्हातारी हसली. "लग्नाच्या दिवशीपण अशीच अडून बसली होती, नाव घेईना." मग तिनं माझा हात चाचपून धरला. "तिला सांग, म्हणून टाक. जीभ काय, धुता येते. मला इथं एकटीला मरायचं नाही."

मी निरोप पोचवला, शब्दाला शब्द. पोचवायला नको होता का, हे मला अजून कळत नाही. वकीलबाई लढल्या असत्या. पण म्हातारीचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्या दिवशी बालमणीनं स्वयंपाकघरातली सगळी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सकाळी साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. साहेबांनी मोबाइल धरला. ती सरळ त्यात बघून स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी यापुढे रस्त्याकडेला बसणार नाही."

साहेबांनी मोबाइल खाली केला. "हे नव्हतं म्हणायचं."

"एवढंच केलं होतं मी, सार. तेच सोडते."

मला वाटलं आता संपलं. तेवढ्यात खैरूबी मागून म्हणाली, "बोल दी ना साब. बैठेगी नै तो मांगेगी कैसे? छोडो बिचारी कू."

साहेबांनी मान हलवली. "चालेल." मला वाटतं त्यांनाही तेच हवं होतं.

कोठीतून तिचा डबा आणि साडी आली. डब्यातला भात तसाच होता, बुरशी धरलेला. तिनं तो टाकून डबा नळाखाली धुतला, साडी नेसली, पदर डोक्यावरून घेतला. फाटकाशी मी कागदात बांधलेले दोन बुंदीचे लाडू तिच्या हातात दिले. बेकरीतले होते. "शेजारणीला," म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि लाडू कमरेला खोचले.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी नोकरी संपली. मी निघताना खैरूबीनं मला तिचा डाव दिला.

परवा बाजारातून येताना अड्ड्याच्या चौकात मला बालमणी दिसली. ऊन चढलं होतं. तरुण मजूर गेले होते, उरलेले पाच-सहा जण कडेच्या सावलीत टेकले होते. ती एकटी उन्हात उभी होती. डबा हाताला लटकवलेला, झाकण गच्च लावलेलं. केस वाढून मानेपर्यंत आले होते.

मी तिच्याजवळ गेले. म्हातारी बरी आहे म्हणाली, अजून भात मऊ झाला नाही तर भांडते म्हणाली. माझे गुडघे दुखत होते. पिशवी ठेवली आणि कडेच्या कट्ट्यावर बसले. बाजूला थापटून म्हटलं, "ये, बस की घटकाभर. जेवलीस का?"

"घरी जाऊन जेवेन."

"अग, बस. आता कोण बघतंय?"

तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं, पायातल्या झिजलेल्या चपलांपासून वर डोक्यापर्यंत, मेस्त्री बघतो तसं.

"अक्का, तूपण ऊठ," ती हळूच म्हणाली. "तुझी साडी जुनी आहे."

मी हसणार होते. पण ती हसत नव्हती. मी पिशवी उचलली आणि तिच्या शेजारी उभी राहिले.